राग येतो, तरी चादर बदलते: मग मी ढोंगी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझं वय ४६. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. दिवसा एक मावशी येतात. संध्याकाळी सहापासून सकाळी नऊपर्यंत सगळं माझ्याकडे. दीर-जाऊ पुण्यात. दिवाळीत दोन दिवस येतात, दर रविवारी फोन करतात आणि ‘वहिनी आहे म्हणून आम्ही निर्धास्त’ असं म्हणतात. मी म्हणते, ‘अहो, त्रास कसला त्यात.’ नात्यात, गल्लीत माझं कौतुक होतं. पण रात्री दोनला ओली चादर बदलताना मनात जे येतं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. कधी संपणार हे, असंही येतं. गेल्या महिन्यात कूस बदलताना मी त्यांचा हात जोरात ओढला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. बी.ए.ला माझा विषय तत्त्वज्ञान होता. हल्ली वाचनालयातल्या गटात आम्ही ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचं ‘रिपब्लिक’ वाचतोय. न्यायी माणसाच्या मनाचे तिन्ही भाग वाद्याच्या सुरांसारखे जुळलेले असतात, असं त्यात आलं आणि मी घरी येऊन रडले. माझा एकही सूर जुळलेला नाही. मी चांगली नाही, फक्त चांगली वागते. तेही सवयीने आणि लोक काय म्हणतील म्हणून. खऱ्या चांगल्या माणसाला असं वाटेल का? मी ढोंगी आहे का? आणि स्वभावाला औषध नसतंच, तर आता या वयात काय करायचं?

ताई,

ज्या पानाने तुम्हाला रडवलं ते माझं आवडतं पान. नोकरीत असताना दर वर्षी मी ते वर्गात समजावून सांगायचो. ते ऐकून घरी जाऊन कुणी रडलं असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. तुमचं पत्र आलं आणि पुस्तक पुन्हा काढून बसलो.

आधी ‘ढोंगी’ या शब्दाचा निकाल लावू, तो सोपा आहे. इंग्रजीतला ‘हिपोक्रिट’ ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या ‘हुपोक्रितेस’चा साधा अर्थ नट. अथेन्सच्या रंगभूमीवर मुखवटा घालून उभा राहणारा. नट राजा होतो, पण त्याला राज्य चालवावं लागत नाही. तुमच्या घरातली चादर मात्र खरोखर बदलली जाते आणि सासूबाई खरोखर कोरड्या अंथरुणावर झोपतात. याला नाटक म्हणायचं तर मग काम कशाला म्हणायचं?

‘लोक काय म्हणतील म्हणून’ हे तुमचं वाक्य जास्त गंभीर आहे. तुमचा गट ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागापर्यंत आलाय, म्हणजे दुसऱ्या भागातली गायजीसची गोष्ट वाचून झाली असेल. इतर वाचकांसाठी सांगतो: भूकंपाने जमीन दुभंगते, एक धनगर त्या भेगेत उतरतो आणि एका प्रेताच्या बोटातली अंगठी काढून आणतो. तिचा खडा आत वळवला की घालणारा दिसेनासा होतो. धनगर राणीला वश करतो, राजाला मारतो आणि गादी बळकावतो. ही गोष्ट सांगून ग्लॉकॉन, म्हणजे प्लेटोचा भाऊ, पुस्तकातला मुख्य वक्ता आणि प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस याला विचारतो की अशी अंगठी न्यायी माणसाला दिली, तर तो तरी न्यायी राहील का? कुणी बघतच नसेल तर चांगलं कशाला वागायचं?

आता रात्रीचे दोन आठवा. घर झोपलंय, गल्ली झोपलीय, कौतुक करणारे सगळे झोपलेत. ती चादर सकाळपर्यंत तशीच राहिली असती तर कुणाला कळणार होतं? सासूबाई तक्रार करणाऱ्यांतल्या नाहीत, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं. म्हणजे रोज रात्री काही तास ती अंगठी तुमच्याच बोटात असते, आणि तुम्ही उठून चादर बदलता. ग्लॉकॉनला याहून चांगलं उत्तर सॉक्रेटिसलाही देता आलं नसतं.

‘पण बदलताना आत आग असते’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर, आणि इथे मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४ ते ३२२) दोन माणसांत फरक करतो. एकाला चुकीच्या गोष्टीची ओढ असते, पण तो ती आवरतो आणि योग्य तेच करतो. दुसऱ्याला ती ओढच नसते. त्याचं मन आणि विचार एकाच दिशेला चालतात. ॲरिस्टॉटलच्या हिशेबात दुसरा वरचढ. या शिडीवर तुम्ही पहिल्या माणसाच्या पायरीवर आहात, असं तुम्हाला वाटतंय, आणि ते अगदीच चूक नाही. फक्त हे लक्षात घ्या की तिच्या खालीही पायऱ्या आहेत. योग्य काय ते कळतं पण हातून होत नाही, असा एक. आणि ज्याला आपलं काही चुकतंय असं वाटतच नाही, असा सर्वांत खालचा. त्याची झोप मात्र छान असते.

शिवाय ही शिडी त्याने मुख्यतः खाणंपिणं आणि शरीरसुखाच्या मोहांबद्दल बोलताना मांडली आहे. धैर्याकडे वळला की तोच ॲरिस्टॉटल वेगळं बोलतो. मुष्टियोद्ध्याचं उदाहरण घेतो: शेवटी मिळणारा मुकुट आणि मान गोड असतो, पण ठोसे हाडामांसाच्या शरीरावर बसतात आणि ते दुखतातच. पुढे जाऊन तो म्हणतो की ज्याचं जगणं जास्त मोलाचं, त्याला रणात मरण जास्त जड जातं, कारण आपण काय गमावतोय हे तो जाणतो; तरी तो उभा राहतो आणि म्हणूनच कदाचित जास्त शूर ठरतो. प्रत्येक सद्गुण आचरताना आनंदच वाटतो असं नाही, हे त्याने तिथे सरळ लिहून ठेवलंय. दोन वर्षं म्हणजे ७३० रात्री मोडक्या झोपेच्या. ठोसे दुखतात, ताई. त्यात तुमच्या चारित्र्याचा दोष शोधू नका.

आणि ‘कधी संपणार हे’? त्या विचाराला घाबरून तुम्ही पुढे पुस्तक मिटू नये म्हणून आगाऊ सांगून ठेवतो: नवव्या भागात प्लेटो लिहितो की अत्यंत संयमी दिसणाऱ्या माणसांतही भयंकर, रानटी, कुठलाच नियम न मानणाऱ्या इच्छा असतात आणि त्या झोपेत डोकं वर काढतात. तुम्हाला धड झोपच मिळत नाही, तेव्हा त्या जागेपणी येतात इतकंच.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते तुम्ही ते पान एका जागी चुकीचं वाचलंत, आणि त्यात तुमची चूक कमी, आपल्या संस्काराची जास्त. आपल्याकडे क्रोध षड्रिपूंत मोडतो. शत्रू म्हटला की तो मारायचा, निदान कोंडायचा. म्हणून ‘मनातले सूर जुळलेले’ वाचताना आपण नकळत ‘मनात राग नसलेला’ असं वाचतो. प्लेटोने तसं लिहिलेलं नाही. त्याच्या मनाच्या तीन भागांत एक विचार करणारा, एक हवं-हवं म्हणणारा, आणि मधला ‘थुमॉस’. राग, स्वाभिमान, तडफ, सगळं त्यात आलं. ‘त्या माणसात पाणी आहे’ म्हणताना आपण ज्याला पाणी म्हणतो ते. त्याला प्लेटो घरात ठेवतो, आणि घरात त्याला काम देतो.

ते काम दाखवायला तो लिऑन्टिअस नावाच्या माणसाची हकिकत सांगतो. हा गृहस्थ पिरेयस बंदराकडून अथेन्सला येत असतो. उत्तरेच्या तटाबाहेर जल्लादाशेजारी प्रेतं पडलेली दिसतात. बघावंसं वाटतं आणि किळसही येते. तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो, शेवटी हरतो. धावत जातो, डोळे फाडून बघतो आणि आपल्याच डोळ्यांवर ओरडतो, ‘घ्या मेल्यांनो, पोटभर बघा हे देखणं दृश्य!’ मला ही हकिकत फार आवडते. इतक्या उंचावरच्या पुस्तकात इतका केविलवाणा, ओळखीचा माणूस. पण प्लेटोचा मुद्दा असा की इथे राग वासनेच्या बाजूचा नाही, तो विचाराच्या बाजूने तिच्यावर भडकलाय. लगेच पुढे तो म्हणतो की आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं की थुमॉस उकळतो आणि न्याय्य वाटणाऱ्या बाजूने लढायला उभा राहतो. भूक, थंडी, सगळं सोसतो. काम फत्ते होईपर्यंत, मरेपर्यंत, किंवा धनगराने कुत्र्याला हाक मारून शांत करावं तसं विचाराने त्याला शांत करेपर्यंत तो हटत नाही.

तर तुमचा हा कुत्रा नेमका कुणावर भुंकतोय? इथे वर छापलंय ते सार आहे. मूळ पत्र सहा पानी आहे. त्या सहा पानांत सासूबाईंविरुद्ध एक ओळ नाही. उलट, त्यांनी तुमच्या दोन्ही बाळंतपणांत काय केलं ते आहे. दिवाळीच्या दोन दिवसांवर मात्र दीड पान आहे, जावेने उशाशी बसून काढलेल्या फोटोसकट. आणि तुमच्या यजमानांचा उल्लेख एकदाच येतो: ‘हे झोपलेले असतात.’ कुत्रा योग्य दारावर भुंकतोय, ताई. तुम्ही त्याला साखळीने बांधून घातलंय, आणि बांधलेला कुत्रा जो हाताशी सापडेल त्याला चावतो. हाताशी सासूबाईंचा हात होता.

प्लेटोच्या दुसऱ्या एका संवादात, ‘गॉर्जिअस’मध्ये, सॉक्रेटिस म्हणतो की माझी वीणा बेसूर लागली, मी उभा केलेला गायकवृंद बेसूर गायला, बहुतेक जग माझ्या विरोधात गेलं तरी चालेल, पण मी एकटा माणूस असून स्वतःशीच बेसूर होऊ नये. तुमच्या पत्रात तो बेसूर शोधताना मला तो रात्रीच्या रागात सापडला नाही. रविवारच्या फोनवर सापडला. ‘अहो, त्रास कसला त्यात.’ तुमच्या विचाराला ठाऊक आहे की त्रास आहे. रागाला ठाऊक आहे. कमरेला तर आहेच. तिघांचं एकमत असताना तोंड चौथंच काहीतरी बोलतं. ज्या पानावर तुम्ही रडलात तिथे प्लेटो मंद्र, मध्य आणि तार अशा तीन सुरांची उपमा देतो. तीन वेगळे सूर. मधली तार काढून ठेवली की वाद्य जुळलं, असं तो म्हणत नाही.

न बोलता राग गिळणाऱ्यांवर ॲरिस्टॉटलने ‘निकोमेकिअन एथिक्स’ या नीतीवरच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात चार ओळी लिहिल्यात, त्या मला अंगावर येतात. अशा कडवट माणसांचा राग फार काळ टिकतो, कारण तो बाहेर दिसत नाही. दिसत नाही म्हणून त्यांची समजूत घालायला कुणी येत नाही. आणि राग एकट्याने पचवायला वेळ लागतो. अशी माणसं स्वतःला आणि आपल्या सर्वांत जवळच्यांना सर्वाधिक त्रासाची होतात. दिरांच्या बाजूने बोलायचं तर त्यांना तरी कुठून कळावं? दर रविवारी तुम्ही त्यांना स्वच्छ प्रशस्तिपत्र देताय.

मग करायचं काय? सोडून देणं हा एक मार्ग. तुम्ही तो विचारलेलाही नाही, आणि तुमच्याच्याने तो होणार नाही. याच गतीने चालू ठेवणं हा दुसरा. त्याचं भविष्य गेल्या महिन्यात दिसलं. सासूबाईंना चांगल्या शुश्रूषा केंद्रात ठेवणं हा तिसरा, आणि त्यात पाप नाही. पण तो निर्णय एकट्या सुनेने घ्यायचा नसतो. म्हणजे कुठूनही गेलं तरी बोलण्यापाशीच यावं लागतं.

रागावणं कुणालाही जमतं, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. योग्य माणसावर, योग्य प्रमाणात, योग्य वेळी, योग्य हेतूने आणि योग्य रीतीने रागावणं कठीण. हे घरातच लावून बघू. माणूस: आधी यजमान, मग दीर. नवऱ्याला वगळून दिराशी बोललात तर विषय भलतीकडे जाईल. वेळ: दिवाळी नको, नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तर मुळीच नको. रात्री दोनला नवऱ्याला हलवून उठवणंही नको, कितीही मोह झाला तरी. हेतू: लाज वाटायला लावणं हा नव्हे, रात्री मिळवणं हा. त्यामुळे दोन वर्षांचा हिशेब काढू नका. मागणी मात्र मोजता येईल अशी ठेवा. आठवड्यातल्या तीन रात्री यजमानांच्या. चार रात्रींसाठी ब्यूरोची बाई, आणि तिच्या पगारात दिरांचा अर्धा वाटा. किंवा दर महिन्यातला एक आठवडा दीर-जावेपैकी कुणीतरी तिथे येऊन राहील आणि त्या आठवड्यात तुम्ही माहेरी. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण ‘जरा हातभार लावा’ एवढंच म्हणालात तर फळांची आणखी एक टोपली येईल.

यात तुमचंही काही जाईल. ‘वहिनी बदलल्या’ असं होईल, गल्लीतलं कौतुक थोडं उतरेल. तुम्हाला त्या कौतुकाची किती सवय झाली आहे हे एकदा स्वतःला विचारा. मी उत्तर मागत नाही.

ज्या हाताबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल सासूबाईंशी बोला. ‘त्या दिवशी हात जोरात ओढला मी, दुखलं असेल.’ ‘ओढला गेला’ असं म्हणू नका. आणि पुन्हा तसं झालं, किंवा रात्री वेडेवाकडे विचार थांबेनासे झाले, तर ते माझ्या सदराचं किंवा प्लेटोचं काम नाही. तुमच्या डॉक्टरांना सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. झोप नसलेल्या माणसाकडून शांतीची अपेक्षा ग्रीकांनीही केली नसती.

ग्रीकांचं निघालंच आहे तर एक कुरकुर नोंदवतो. अथेन्समध्ये सूर जुळलेल्या आत्म्याची चर्चा निवांत पुरुष करत होते आणि चादरी बायका आणि गुलाम धूत होते. ज्या ॲरिस्टॉटलला मी इतका वेळ डोक्यावर घेतलंय, त्यानेच ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहिलंय की स्त्रीला विचारशक्ती असते, पण तिचा अंमल चालत नाही. प्लेटो या बाबतीत बरा. त्याने राज्यकर्त्यांत स्त्रियांना जागा दिली. रात्री दोनला उठणाऱ्या कुणाला यांनी कधी विचारलं असतं, तर त्या पुस्तकांत एखादा भाग नक्की वाढला असता. तेव्हा त्यांचं ऐका, पण त्यांच्या मापाने स्वतःला रोज मोजत बसू नका.

राहिलं स्वभावाचं औषध. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी वर जायला शिकत नाही, पण माणूस वीणा वाजवून वाजवून वीणावादक होतो आणि न्यायाची कामं करत करत न्यायी होतो, असं ॲरिस्टॉटलचं म्हणणं. ग्रीकमध्ये ‘सवय’ आणि ‘स्वभाव’ हे शब्दच एका स्वराच्या फरकाचे आहेत. म्हणजे ‘मी फक्त सवयीने चांगली वागते’ हे तुमचं वाक्य त्याने ऐकलं असतं तर विचारलं असतं, मग आणखी कशाने वागतात? वाकलेलं लाकूड सरळ करायचं तर ते उलट्या बाजूला जास्त ओढावं लागतं, हेही त्याचंच. तुम्ही गप्प राहण्याकडे वाकलेल्या आहात, त्यामुळे पहिल्यांदा खरं बोलाल तेव्हा स्वतःला उद्धट वाटाल. वाटू द्या. तुमचा उद्धटपणा म्हणजे इतरांचा नेहमीचा आवाज असेल.

अशी पत्रं मला बरीच येतात. मतिमंद मुलाच्या आईचं आलं, कार्यालयात सगळ्यांचं काम ओढणाऱ्या एका गृहस्थांचं आलं. त्यांनीही रात्रीच्या रागावर रडण्याआधी दिवसा आपण कुणाला ‘त्रास कसला’ म्हणतो ते तपासावं. आणि हे वाचणाऱ्यांत कुणी पुण्या-मुंबईत राहून ‘वहिनी आहे म्हणून निर्धास्त’ असेल, तर वहिनीच्या फोनची वाट बघू नका.

ताई, यजमानांशी शनिवारी बोला, दुपारी, जेवणं झाल्यावर. रविवारी फोन येईल. ‘वहिनी, कसं चाललंय?’ असं विचारतील. म्हणा, ‘त्रास होतोय. पंधरा मिनिटं आहेत का?’ आणि मग लगेच ‘तसं काही विशेष नाही’ असं जोडू नका. पलीकडे थोडा वेळ कुणी काही बोलणार नाही. ती शांतता तुम्ही भरायची नाही.